हात मोकळे झाल्यावर: दारापुढची बारमाही फुलबाग



मध्यंतरी सुप्याकडच्या एका गावात ग्रामसंघाची बैठक होती. विषय होता म्हातारपणाची तरतूद. अटल पेन्शन, श्रावणबाळ योजना, बँकेतली ठेव असं सगळं मी सांगत होते. बोलता बोलता सहज विचारलं, "पैशाचं झालं. पण हातातलं काम सुटल्यावर दिवसभर काय करायचं, ते ठरवलंय का कुणी?" सगळ्या हसल्या. एक आजी म्हणाल्या, "पोरी, बाईला कुठली आली रिटायरमेंट? सरणावर गेल्यावरच."

एक मावशी मात्र हसल्या नाहीत. अंगणवाडीत मदतनीस होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्यात. बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला दारापुढं फुलं लावायचीत. बारा महिने रंग दिसला पाहिजे. पण घरात बोलायची लाज वाटती. गावाला टँकर येतो आणि ही म्हातारी फुलांना पाणी घालती, असं म्हणतील."

तेव्हापासून हे डोक्यात आहे. परसबागेवर आपण या अंकांतून खूप लिहिलं. पालक, मेथी, शेवगा, कढीपत्ता, पोषण, सगळं झालं. फुलांवर कधी लिहिलं नाही, कारण फुलांचं काय उत्पन्न दाखवणार? पण नोकरीतून निवृत्त झालेली असो, नाहीतर सुनेच्या हातात घर देऊन मोकळी झालेली असो, प्रत्येकीला स्वतःच्या मर्जीची चार हात जागा हवी असते. म्हणून हा लेख.

आधी पाण्याचंच बोलू, कारण खरी अडचण तीच आहे.

आपला पारनेर तालुका अवर्षणप्रवण. तुमच्यातल्या ज्या आज पासष्ट-सत्तरीच्या आहेत, त्यांनी बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडलीय, तांब्याभर पाण्यासाठी रांगेत उभं राहिलंय. त्या हाताला फुलझाडाच्या बुडात पाणी ओतणं पाप वाटतं, हे मला कळतं. मी काही त्यातून गेलेली नाही. म्हणून मी कुणालाही प्यायचं पाणी फुलांना घाला असं सांगणार नाही. नळाचा पाइप लावून जी बाग जगते, ती आपली बाग नव्हे.

एक दिवस मोजून बघा. सकाळपासून रात्रीपर्यंत घरात जे पाणी मोरीतून बाहेर जातं, ते बादलीत धरा. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी, हातपाय धुतलेलं, आंघोळीचं, भांड्यांचं. हे पाणी आज दारापुढं चिखल आणि डास करतं, तेच बागेचं पाणी. फक्त कोणतं पाणी कुणाला, हे पाळायचं. तांदूळ-भाजीचं पाणी कुठल्याही झाडाला चालतं, नाजूक झाडांना तेच द्या. आंघोळीचं आणि भांड्यांचं साबण असलेलं पाणी कर्दळीला सोडा. कर्दळ आणि केळ असलं पाणी आनंदानं पितात. मोरीच्या तोंडाशी कर्दळीचे चार कंद लावले, तर लाल-पिवळी फुलं वर्षातले बरेच महिने राहतात आणि चिखलही जिरतो. कपड्याच्या पावडरचं पहिलं फेसाळ पाणी मात्र कुठल्याच फुलझाडाला नको. त्यातल्या क्षारानं जमीन कडक होते.

दुसरा उपाय मडक्याचा. उन्हाळा संपला की माठ गळतो किंवा जुना होतो, तो उकिरड्यावर फेकू नका. भाजलेल्या मातीचं, आतून गुळगुळीत लेप नसलेलं मडकं झाडापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत जमिनीत पुरा. माठ फुटका असेल तर चीर सिमेंटनं बुजवून घ्या. पाणी भरून वर झाकणी ठेवा, म्हणजे डासही होत नाहीत. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरतं आणि मुळं आपणहून त्याच्याकडं येतात. जमिनीप्रमाणं चार-पाच दिवसांनी एकदा भरावं लागतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना रोजची बादली उचलण्यापेक्षा हे फार सोपं.

तिसरं म्हणजे बुडाला पांघरूण. बाजरीचं सरमाड, गव्हाचा भुसा, कांद्याची वाळकी पात, तुरीचा पाला, जे घरी असेल त्याचा चार बोटं थर झाडाच्या बुडाभोवती द्या. खोडाला चिकटवू नका, नाहीतर वाळवी लागते. उन्हाळ्यात या थराखाली बोट घालून बघा, ओल लागते.

आता माझीच एक फजिती सांगते. कामाला लागले त्या पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात एका गटाला मी चाळीस गुलाबाची कलमं आणून दिली. कधी? तर मे महिन्यात! फोटो छान आले. जून लागेपर्यंत पाच कलमं उरली. गटातल्या बायका मला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. नंतर एका आजीनं सांगितलं, "बाई, आम्ही झाड मृगात लावतो. तुझ्या हापिसात मृग कधी असतो?"

तर वेळापत्रक त्या आजीचंच ठेवायचं. उन्हाळ्यात फक्त खड्डे घ्यायचे. दीड फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. आपल्याकडं बऱ्याच गावांत वीतभर मातीखाली मुरूम लागतो, त्यामुळं खणायला घरातल्या तरण्या माणसाला धरा. ते काम म्हातारपणी करायचं नाही. खड्डे उन्हात तापू द्या. मग निम्मी चांगली माती, निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. खत कुजलेलंच हवं. ताजं शेण घातलं तर हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. पहिला दमदार पाऊस झाला, की लावणी. म्हणजे मुळं धरायचं काम पाऊस करतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झाड तयार असतं.

कोणती झाडं लावायची

बारमाही म्हणजे दरवर्षी नवं बी टाकायला नको, एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहणारं. झेंडू आणि तेरडा हंगामी आहेत. त्यांना पावसाळ्यात जागा द्या, पण बाग त्यांच्या भरवशावर नको. आणि एकच झाड बारा महिने भरगच्च फुलत नाही. एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू, अशी पाळी लावावी लागते. आपण कामाच्या पाळ्या लावतो तशीच.

चैत्र-वैशाखात सगळं रान करपलेलं असतं, तेव्हा बोगनवेल पेटते. हिची गंमत अशी, की पाणी जास्त दिलं तर नुसती पानं येतात आणि ताण पडला की रंग येतो. आपल्या तालुक्यासाठीच जन्माला आलीय म्हणा ना. काटे असतात, म्हणून ती कुंपणाला. याच दिवसांत चाफा आणि मोगरा. चाफ्याची हातभर फांदी कापली की लगेच लावू नका. सावलीत आठवडाभर ठेवून चीक वाळू द्या, मग लावा, नाहीतर बुडातून कुजते. मोगऱ्याला मात्र शिस्त लागते. डिसेंबरात पाणी तोडायचं, जानेवारीच्या शेवटी छाटून उरलेली पानं काढायची, बुडाला खत घालून पाणी सुरू करायचं. मग मार्चनंतर कळ्या धरतात. "आमच्या मोगऱ्याला फुलंच येत नाहीत" म्हणणाऱ्या बहुतेक जणींनी त्याला कधी कात्री लावलेली नसते.

पाऊस पडला की पावसाळी लिली. वर्षभर कंद जमिनीत गप्प असतो आणि पहिल्या पावसानंतर काही दिवसांत गुलाबी-पांढरी फुलं उभी राहतात. गुलबक्षीचंही तसंच, वरचं झाड वाळलं तरी खालचा कंद जिवंत. तिची फुलं दुपार कलल्यावर उमलतात, म्हणजे तुम्ही ओट्यावर टेकता तेव्हाच. निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमध्ये लावले तर तीन-चार महिन्यांनी दांडे येतात आणि एकदा लावलेला वाफा तीन वर्षं चालतो.

श्रावण-भाद्रपदात पूजेची गर्दी. त्यासाठी जास्वंद, तगर, निळी-पांढरी गोकर्ण आणि पारिजातक. पारिजातक मोठा होतो, त्याला घरापासून आठ-दहा फूट लांब लावा. पहाटे त्याच्याखाली जुनं लुगडं पसरून ठेवलं, की वाकून वेचायची गरज नाही, चारी टोकं धरून उचलायचं. जास्वंद फांदीपासून येते. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी डोळ्याच्या खाली तिरकी कापा, वरची दोन पानं ठेवून बाकी काढा, पावसाळ्यात सावलीत खोचा. महिना-दीड महिन्यात मुळं धरते. तोवर रोज उपटून बघायचं नाही! (हे मी स्वतःला सांगतेय.)

दसरा-दिवाळीपासून पौषापर्यंत शेवंतीचं राज्य. आपल्याकडं शेवंती शेतात पिकवणारी घरं आहेत, त्यामुळं रोपं शोधायला लांब जायला नको. दिवस लहान व्हायला लागले, की शेवंतीला कळी धरते, ती वेळ तिला आपण शिकवावी लागत नाही. आपलं काम दोनच. फुलं संपली की झाड बुडापासून चार बोटांवर कापायचं, म्हणजे खालून पोरं फुटतात. ती जपून मे-जूनमध्ये वेगळी करून लावायची. आणि लावणीनंतर महिन्याभरानं शेंडा खुडायचा. शेंडा खुडताना हात थांबतो, चांगलं वाढतंय ते कशाला तोडा असं वाटतं. पण शेंडा न खुडलेली शेवंती एका काठीसारखी वाढते आणि चार फुलं देते. खुडलेली डेरेदार होते.

गुलाबाची छाटणी पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात करा. डिसेंबरपासून फुलं घ्या. कलमी गुलाबाला डोळा भरलेल्या जागेच्या खालून फुटवा आला तर तो जंगली गुलाबाचा असतो, लगेच काढा, नाहीतर वरचं कलम मरतं. खरं सांगायचं तर गुलाब लाडावलेला आहे. दोनच लावा.

या सगळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागा भरायला तीन झाडं: अबोली, सदाफुली आणि ऑफिस टाइम. अबोलीला दुपारची थोडी सावली द्या, पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. तिची वाळलेली बोंडं पाणी पडलं की तडकून उडतात, त्यामुळं रोपं आपोआप होतात. ऑफिस टाइमचं काडीएवढं देठ कुठंही खोचा, जुन्या तेलाच्या डब्यातही येतं. ऊन वर आलं की उमलतं, कलतं झालं की मिटतं. सदाफुलीला तर काहीच लागत नाही. मुरमात येते, शेळी तोंड लावत नाही.

विषारी झाडांबद्दल

सदाफुलीबद्दल एक सावधगिरी. तिच्यापासून कर्करोगावरची व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं काढतात, हे खरं आहे. पण म्हणून साखर कमी करायला तिची पानं चावून खायची नाहीत. ती औषधं कारखान्यात शुद्ध करून, मापानं, डॉक्टरांच्या हातून दिली जातात. नुसतं पान विषारी आहे. दोन गावांत मी बायकांना रोज सकाळी पानं खाताना पाहिलंय, म्हणून मुद्दाम लिहिते.

कण्हेरीचंही तसंच. दुष्काळात टिकते, गुलाबी-पांढरी फुलते, देवाला चालते, सगळं खरं. पण पान, खोड, फूल सगळं विषारी, आणि वाळलं तरी विष जात नाही. छाटलेल्या फांद्या गोठ्याकडं, चाऱ्याच्या गंजीकडं कधीच टाकू नका. जनावर दगावतं. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तिच्या बिया मुलं खेळायला घेतात. ज्या घरात लहान नातवंडं आहेत त्या घरी ती लावूच नका, असलेली काढा. चुकून कुणी खाल्लं तर घरी मीठपाणी-लिंबू करत वेळ घालवू नका, थेट दवाखाना. घाणेरीच्या रंगीत फुलांनाही भुलू नका. तीही जनावरांना बाधते आणि एकदा शिरली की बांध गिळते.

रातराणीनं साप येतो असं तुम्ही म्हणाल. सापाला फुलाच्या वासाचं काही नसतं. बुडाशी दाट गचपण, दगडांचे ढीग, उंदीर, बेडूक असतील तिथं तो येतो. झाड कुठलंही असो, उंबऱ्यापासून लांब लावा, खालून दोन वीत मोकळं ठेवा, आणि पालापाचोळ्यात हात घालायच्या आधी काठीनं हलवा.

राहिल्या शेळ्या. बागेचा शत्रू दुष्काळ नाही, शेळी आहे. आपल्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत 1975 नंतर पाणलोटाची कामं झाली, तेव्हा नालाबांध आणि चर खणण्याबरोबरच कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीही गावानं पाळली. नुसतं पाणी अडवून डोंगर हिरवा होत नाही, कोवळा फुटवा जनावराच्या तोंडातून वाचवावा लागतो, हे तिथं अख्ख्या गावानं करून दाखवलं. तुमच्या अंगणाला तोच नियम. पहिली दोन वर्षं बाभळीच्या फांट्यांचं कुंपण करा. शेजारणीशी भांडण करण्यापेक्षा ते स्वस्त.

किडीचं थोडक्यात. जास्वंदीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण हमखास येतो. सुरुवातीलाच जुन्या दात घासायच्या ब्रशनं साबणाच्या पाण्यात पुसून काढा. जास्त झाला तर निंबोळी अर्क: एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळून चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायचं. उन्हाळ्यात निंबोण्या वेचून वाळवून ठेवल्या तर फुकट पडतं.

गुडघ्यांचा विचार सुरुवातीलाच करा. खाली बसून खुरपणं आयुष्यभर झालं. आपल्याकडं दगडाला तोटा नाही. मांडीएवढ्या उंचीचा, हात दोन्ही बाजूंनी पोचेल एवढ्या रुंदीचा दगडी वाफा करून घ्या आणि अबोली, शेवंती, मोगरा त्यात लावा. स्टुलावर बसून काम होतं. दगडाच्या फटी चिखलानं लिंपा, मघाशी सांगितलेली सापाची भीती त्यातच मिटते. खुरप्याला लांब दांडा लोहार बसवून देतो.

आणि सुरुवात पाच झाडांनी करा. बोगनवेल, जास्वंद, सदाफुली, शेवंती, मोगरा. पहिल्या वर्षी यातलं एखादं जाईल, जाऊ द्या. वीस झाडं लावली तर भर उन्हाळ्यात वीस बादल्या लागतील, आणि घरात पहिलं वाक्य ऐकू येईल ते त्या मावशींना ज्याची भीती वाटत होती तेच.

त्या मावशींचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. त्यांनी घरात "फुलबाग" हा शब्दच काढला नाही. "दारातला चिखल हटवायचाय" म्हणाल्या आणि मोरीच्या तोंडाशी कर्दळ लावली. चिखल खरंच कमी झाला, मग मुलानंच विचारलं, अजून काय लावायचंय? सून ऑनलाइन मागवू म्हणत होती. मावशी म्हणाल्या, विकत काही नको, गटातल्या बायका कशाला आहेत? मला हे आवडलं, पण एक वाटलं, चिखलाचा आडोसा घ्यायची वेळ यायला नको होती. तीस वर्षं दुसऱ्यांची लेकरं सांभाळलेल्या बाईनं "मला आवडतं म्हणून" एवढं म्हटलं तरी पुरे व्हायला हवं. तुमच्यापैकी ज्या आज सासू नाहीत, सुना आहेत, त्यांनी घरी जाऊन एकदा विचारून बघा, "आत्या, तुम्हाला कुठलं फूल आवडतं?"

विकून पैसे होतील का, हे बैठकीत नक्की विचाराल. दसऱ्याला थोडी शेवंती, लग्नसराईत थोडा मोगरा जाईल. पण याचं कर्ज काढू नका, व्यवसाय आराखडाही करू नका. त्यासाठी गटाकडं दुसरी कामं आहेत.

आता करायचं एवढंच. मृगाच्या आधीच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या दारातल्या एका झाडाची फांदी, कंद किंवा मुठीभर बी आणायचं. फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून, बी कागदाच्या पुडीत, वर झाडाचं नाव. नाव लिहिता येत नसेल तर एक वाळलेलं फूल चिकटवा. आल्याबरोबर सतरंजीवर मांडायचं आणि जाताना आपल्याकडं नसलेलं एक घेऊन जायचं. सचिव ताईंनी याची नोंद इतिवृत्तात करावी, कुणाकडून काय आलं आणि कुणाकडं काय गेलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्याऐवजी त्यातलीच तयार रोपं वाण म्हणून देता येतील. कर्दळीचे कंद मी मावशींकडून पिशवीभर मागून ठेवलेत. ज्यांच्या मोरीपुढं चिखल आहे त्यांनी सीआरपी ताईंकडं नाव द्या, त्यांना आधी देऊ.

— तुमची क्षेत्र समन्वयक, पारनेर